नाक मुठीत धरून लंडन

तारीख नीट लावून घ्या: गुरुवार, २४ जून १८५८. सकाळचे सहा वाजलेत, पण ऊन केव्हाच वर आलंय. जूनमध्ये इथं पावणेचारलाच उजाडतं. तुम्ही चौघं पूर्व लंडनमध्ये, लाइमहाउसच्या वेस्ट इंडिया डॉक रोडवर, एका नव्याकोऱ्या इमारतीच्या पायऱ्यांवर उभे आहात. इमारतीला जेमतेम वर्ष झालंय. आशिया-आफ्रिकेतून आलेल्या खलाशांसाठी बांधलेलं हे वसतिगृह. पंजाबच्या गादीवरून उतरवून इंग्लंडात आणलेल्या दुलीपसिंगानंही त्याला देणगी दिलीय. आतून कांदा-लसणीच्या फोडणीचा वास येतोय. तो छातीभर घेऊन ठेवा. दिवसभरात नाकाला बरं वाटेल असं पुन्हा काही भेटेलच याची खात्री नाही.

कपड्यांवरून काल रात्री बराच खल झाला. सध्या लंडनच्या बायका पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनवर घागरा मिरवतात आणि एकेकीला निम्मा फूटपाथ लागतो. तुमच्यातली इंजिनिअर मैत्रीण, महापालिकेच्या मलनिस्सारण खात्यात उमेदीची वर्षं घालवलेली, म्हणाली, “मला बोगद्याचे जिने उतरायचेत. पिंजऱ्यात बसून नाही उतरता येत.” तिनं साडी नेसून वर शाल घेतलीय. लोक तिला कुण्या साहेबाच्या मुलांबरोबर आलेली आया समजतील. समजोत, तशा आया इथं नवलाच्या नाहीत. डॉक्टरनं मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याचा लांब कोट चढवलाय. चौथा ग्वाल्हेरचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, बाहेर हिंदी, आणि कुठल्याही गावाला नेलं तरी “आमच्याकडे...” असं सुरू होणारं एक वाक्य ठरलेलं. आज मात्र तो उठल्यापासून गप्प आहे.

नियम दोनच. पुढं काय होणार ते इथं कुणाला सांगायचं नाही. आणि दुसरा डॉक्टरचा: पाणी प्यायचं नाही. चहा चालेल, जिंजर बिअर चालेल, पाणी नाही.

दाराशी बसलेला एक खलाशी तुमचं बोलणं ऐकून मान वर करतो. “मुंबयचे काय?” तो दाभोळचा निघतो. जहाज गोदीत आहे, परतीची नेमणूक अजून झालेली नाही. तुम्ही चालत वेस्टमिन्स्टरला निघालात म्हटल्यावर तो आधी हसतो, मग सांगतो की पोरं मागून ओरडली तर वळून बघू नका. गेल्या वर्षीच्या बंडातल्या कानपूरच्या बातम्या आल्यापासून इथं काळा माणूस दिसला की कुणीतरी ‘सिपॉय’ म्हणून हाक मारतंच. “आणि पाण्याकडनं जाऊ नका,” तो म्हणतो. “घाण येते.”

पाण्याकडनंच जायचंय, नाइलाज आहे.

रॅटक्लिफ हायवेवर दोर, नांगर, कंदील, खारवलेलं मांस, खलाशांच्या खाणावळी, आणि मध्येच जॅमरॅकचं दुकान. हा माणूस जहाजांवरून येणारे जंगली प्राणी विकतो. गेल्या वर्षी त्याच्याकडचा एक वाघ पेटी फोडून या रस्त्यावर आला आणि एका मुलाला तोंडात धरून चालू लागला. मुलगा वाचला. आज आत पोपटांचा कलकलाट आहे. थांबू नका, ओहोटी चालू आहे आणि नदी बघायची ती ओहोटीतच.

वॉपिंगला दोन गुदामांच्या मधून दगडी पायऱ्या खाली उतरतात. पहिल्या तीन पायऱ्यांवर तुम्हाला वाटतं, बंदराचा नेहमीचाच वास आहे, डांबर आणि सडलेलं लाकूड. चौथ्या पायरीवर थेम्स येते. नाकात शिरत नाही, घशात शिरते. डोळ्यांतून पाणी, तोंडात आंबूस धातूसारखी चव, आणि पोटातून काहीतरी वर. डॉक्टर रुमालावर कापूर घेऊन आलाय. एक रुमाल चौघांत फिरतो आणि कुणाचंच भागत नाही. खाली उघड्या पडलेल्या चिखलात गुडघाभर रुतून काही पोरं आणि एक म्हातारी कोळशाचे तुकडे, खिळे, दोरांची टोकं वेचतायत. त्यांच्या नाकाला रुमाल नाही. आपण उभे आहोत ते त्यांना दिसतं; आपण का उभे आहोत ते कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं बोटीतून जाताना पाण्यात पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे टाकले होते. इंचभर बुडायच्या आतच ते दिसेनासे व्हायचे. त्यानं तसं ‘टाइम्स’ला पत्र लिहून कळवलं. डॉक्टर खिशातलं कार्ड फाडून, भिजवून, एक तुकडा सोडतो. फॅरडेचं बरोबर होतं. तेव्हा सगळ्यांनी पत्र वाचलं आणि पुढची तीन वर्षं काही केलं नाही.

“नदी का सडली सांगू?” इंजिनिअरबाई रुमालाआडून विचारते. तिला थांबवणं शक्य नसतं, आणि खरं तर थांबवूही नका. पूर्वी लंडनच्या घरांखाली मैल्याचे हौद असायचे, दोन लाखांच्या आसपास. रात्री माणसं येऊन ते उपसायची आणि मैला गाडीतून शेतावर जायचा. गटारं होती ती पावसाच्या पाण्यासाठी. घरातला मैला त्यात सोडायला १८१५ पर्यंत बंदीच होती. मग फ्लशचे संडास आले. १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्जनं ते एका पेनीला वापरायला ठेवले, आणि ८ लाख २७ हजार लोकांनी पेनी मोजली. घरी जाऊन प्रत्येकाला ते हवेसे झाले. फ्लशच्या पाण्यानं हौद तुंबायला लागले. कॉलऱ्याच्या भीतीनं १८४८ मध्ये कायदाच झाला, हौद बंद, घरं गटाराला जोडा. गटारं नदीला मिळालेलीच होती.

“म्हणजे घरं स्वच्छ झाली,” तुम्ही म्हणता.

“घरं स्वच्छ झाली. २५ लाखांवर माणसांचं इथं येऊन पडलं. आणि ही भरती-ओहोटीची नदी आहे. मैला समुद्रापर्यंत जातच नाही. ओहोटीला थोडा खाली, भरतीला पुन्हा वर, झोपाळ्यासारखा याच शहरासमोर येत-जात राहतो. त्यात यंदा उन्हाळा असा, वरून पाणी कमी.”

गेल्या बुधवारी, १६ तारखेला, इथं सावलीत पारा ३४ अंशांवर गेला होता. नागपूरकर हसतील. पण लोकरीचे कोट आणि बंद खिडक्यांच्या या गावाला ती भट्टीच आहे.

वॉपिंगला आलोच आहोत तर नदी खालून ओलांडायची. एक पेनी टाकून तुम्ही एका प्रचंड गोल विहिरीत उतरता. भिंतीला धरून जिने फिरत जातात आणि तळाशी दोन कमानींचा विटांचा बोगदा, गॅसच्या दिव्यांनी उजळलेला, सुमारे ४०० मीटर लांब. जहाजं जाणाऱ्या नदीच्या तळाखालून खणलेला जगातला हा पहिला. मार्क ब्रुनेलनं १८२५ मध्ये काम सुरू केलं आणि लोकांना तो चालायला मिळाला १८४३ मध्ये. दोन्ही कमानींच्या मधल्या आडव्या खणांत छोटी दुकानं आहेत. बोगद्याचं चित्र छापलेले पेले, रुमाल, डब्या, सगळं बोगद्यात विकायला. पर्यटनस्थळी काय विकतात हे तेव्हाच ठरून गेलेलं दिसतं.

इंजिनिअरबाई मात्र दुकानांकडे ढुंकूनही बघत नाही. ती भिंतीला तळहात लावून उभी आहे. वर जी नदी आहे तिचंच पाणी खोदताना या मजुरांच्या अंगावर गळायचं. त्यातल्या वायूनं दिव्यांच्या ज्योती भडकायच्या, माणसं बेशुद्ध पडायची. जानेवारी १८२८ मध्ये नदी आत घुसली तेव्हा सहाजण बुडाले. मार्कचा मुलगा इझम्बार्ड थोडक्यात वाचला. “आपल्या वेळेला यातून लोकल जाते,” ती म्हणते. “आत बसलेले मोबाइल बघत असतात.” तिच्या आवाजात तक्रार आहे की अभिमान, सांगता येत नाही. गंमत म्हणजे या बोगद्यात, नदीच्या पोटाखाली, वास सगळ्यात कमी आहे.

रॉदरहाइदला वर आलात की नदीच्या वळणापलीकडे डेटफर्डच्या बाजूला एक जहाज पडून आहे हे लक्षात ठेवा, दिसो न दिसो. इझम्बार्ड ब्रुनेलचं ते राक्षसी लोखंडी जहाज जानेवारीत कसंबसं पाण्यात ढकललं गेलं आणि आता पैशांवाचून अर्धवट आहे. लोक त्याला लेव्हायथन म्हणतात. पुढं ते ग्रेट ईस्टर्न म्हणून ओळखलं जाईल. हेच जहाज १८७० मध्ये मुंबई ते एडन समुद्रातून तारेचा दोर टाकेल. आज, २४ जूनला, मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये तार नाही. मुंबईची बातमी आगबोटीनं सुएझला, तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रियाला, पुन्हा बोटीनं युरोपात, असं करत महिनाभरानं इथं पोचते.

ग्वाल्हेरकर पहिल्यांदा तोंड उघडतो. “म्हणजे इथं अजून मे महिना चाललाय.”

त्याचं गप्प राहणं आत्ता कुठं तुमच्या लक्षात येतं. झाशी एप्रिलमध्ये पडली, ते इथल्या वर्तमानपत्रांत येऊन शिळं झालंय. पण १ जूनला राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशव्यांनी ग्वाल्हेर घेतलं, ती बातमी कुठल्याशा आगबोटीवर अजून लाटा खातेय. आणि गेल्या आठवड्यात, कुणी १७ तारीख मानतं, कुणी १८, ग्वाल्हेरच्या फूलबागेजवळ राणीच्या चितेला अग्नी दिला गेला. इथल्या २५ लाखांत ते ठाऊक असलेली माणसं चारच.

बर्मंडझी झटपट ओलांडा. चामडं कमावायचा मोहल्ला आहे. कातड्यांवर चोळायला कुत्र्याची विष्ठा लागते आणि ती गोळा करून विकणं हा इथं रीतसर धंदा आहे. डॉक्टर कापूर संपल्याचं जाहीर करतो.

लंडन ब्रिजवर दुपार. टॉवर ब्रिज शोधू नका, तो १८९४ चा. भरती आलीय, नदी काठोकाठ भरलेली, आणि मगाशी समुद्राकडे निघालेलं सगळं परत आलंय. पुलावर घोड्यांच्या बसगाड्या, कोळशाच्या गाड्या आणि कारकुनांची रीघ, आणि कुणीही कठड्याशी रेंगाळत नाही. ज्या दगडी पुलावर तुम्ही उभे आहात तो पुढं एका अमेरिकन माणसाला विकला जाईल आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात नेऊन पुन्हा उभारला जाईल. हा असला तपशील तुम्ही ज्याला सांगाल त्याला खोटा वाटतो, म्हणून आजचा पहिला नियम पाळणं तसं सोपं आहे.

पुलावरून सरळ वर गेलात की लेडनहॉल स्ट्रीट. इथं मात्र पाय थांबवा.

उंच खांबांची, त्रिकोणी माथ्याची, काजळलेली इमारत: ईस्ट इंडिया हाउस. अडीचशे वर्षांची कंपनी आणि तिचं हे मुख्य दुकान. आत कारकुनांच्या लांबच लांब खोल्या आहेत. त्यांतल्या एकीत तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल बसतो. संस्थानांशी आणि हाताखालच्या सरकारांशी चालणारा पत्रव्यवहार तपासणारा बडा अंमलदार. कंपनी बरखास्त करू नका असा पार्लमेंटला केलेला अर्ज याच वर्षी त्यानंच लिहून दिला. टिपूचा लाकडी वाघही आतच आहे, खालच्या गोऱ्या शिपायाच्या नरड्याला तोंड लावलेला. त्याचा दांडा फिरवला की शिपाई कण्हतो आणि वाघ गुरगुरतो, आणि पुस्तकं वाचायला आलेले विद्वान वैतागतात.

पण तुम्ही मराठी आहात, तेव्हा तुम्हाला या पायऱ्यांवर दुसराच माणूस दिसायला हवा. रंगो बापूजी गुप्ते. १८३९ मध्ये कंपनीनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला हा वकील म्हणून लंडनला आला. महिन्या-दोन महिन्यांचं काम समजून आला असेल. राहिला चौदा वर्षं. इंग्रजी शिकला, कंपनीच्या भागधारकांच्या सभांत उभा राहिला, अर्ज लिहिले, पत्रकं छापली, कर्ज केलं. दरम्यान १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीला वारले, पुढच्या वर्षी डलहौसीनं साताऱ्याचं राज्यच खालसा केलं. ज्याच्यासाठी भांडायचं तो राजा नाही, ज्याच्यासाठी भांडायचं ते राज्य नाही, आणि तरी हा माणूस आणखी पाच वर्षं याच दाराशी येत राहिला. सनदशीर मार्गावर एवढा विश्वास ठेवणारा माणूस आपल्या इतिहासात दुसरा शोधून दाखवावा.

१८५३ च्या अखेरीस तो परत गेला. चार वर्षांनी साताऱ्याच्या उठावाच्या कटात इंग्रजांनी ज्याला मुख्य मानलं तो हाच. तो त्यांच्या हाती लागला नाही, कधीच. मुलगा सीताराम लागला. सप्टेंबर १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मारलं, कुणाला फाशी देऊन, कुणाला गोळ्या घालून, कुणाला तोफेच्या तोंडी. सीताराम त्यांतला एक.

डॉक्टर हळूच विचारतो, “आत जायचं?” ग्वाल्हेरकर मान हलवतो. दारावरचा जाडजूड पहारेकरी तुमच्याकडे बघतोय, उद्धटपणे नाही, सवयीनं. इथं हिंदुस्थानातून आलेले अर्जदार त्यानं बरेच पाहिले असणार. तीन वर्षांनी ही इमारत पाडतील. तुमच्या वेळेला या जागी लॉइड्‌सची ती पोलादी इमारत आहे, जिचे नळ आणि लिफ्ट सगळे बाहेरून लटकलेले दिसतात.

पुढचा मैलभर बोलण्यासारखं काही नाही. चीपसाइडला गाड्यांची कोंडी, सेंट पॉलचा घुमट धुरात. लडगेट हिलच्या पायथ्याशी मात्र इंजिनिअरबाई रस्त्याच्या मधोमध टाच आपटते. “खाली नदी आहे.” फ्लीट नदी, गटार करून गेल्या शतकात वरून झाकलेली. १८४६ मध्ये तिच्यातला वायू इतका साचला की स्फोट होऊन रस्ता उडाला. एक बसगाडी तुमच्यावर येता येता थांबते आणि गाडीवान जे बोलतो त्याचा अर्थ कुठल्याही भाषेत कळतो.

फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँड, आणि चेरिंग क्रॉसजवळचा हंगरफर्ड बाजार. इथं गॅटी नावाच्या स्वित्झर्लंडहून आलेल्या माणसाकडे पेनीला आइस्क्रीम मिळतं, काचेच्या छोट्या पेल्यात. पेला चाटून परत द्यायचा. तो बादलीतल्या पाण्यात विसळून पुढच्या गिऱ्हाइकाला. तुम्ही पेनी काढता, डॉक्टर बादलीकडे बघतो, तुम्ही पेनी परत ठेवता. कॉव्हेंट गार्डनच्या चेरी त्याला मान्य होतात, त्याही रुमालानं पुसून. सकाळपासून पोटात चहा आणि एक पाव. चेरी संपायला वेळ लागत नाही.

ट्रफाल्गर चौकात नेल्सन खांबावर आहे, पण खालचे चार सिंह अजून नाहीत. एका कोपऱ्यात सिंध जिंकणारा नेपिअर दोन वर्षांपासून उभा आहे. दुसरा पुतळा अगदी ताजा, गेल्या महिन्यात बसवलेला: देवीची लस शोधणारा एडवर्ड जेन्नर, खुर्चीत बसलेला. डॉक्टरचा चेहरा उजळतो. ही लस मुंबईत १८०२ मध्ये पोचली. ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली आणि तिच्यापासून पुढं हिंदुस्थानभर गेली. पण इथल्या लष्करी मंडळींना सेनापतींच्या चौकात वैद्य बसलेला खपत नाही. चार वर्षांत त्याला उचलून बागेत नेतील.

वेस्टमिन्स्टर इथून दहा मिनिटांवर आहे. तरी उलट्या दिशेला सोहोकडे वळा, कारण दोघांच्या दोन यात्रा तिथं आहेत आणि दोघंही सकाळपासून एकमेकांकडे बघून हसतायत.

आधी इंजिनिअरबाईची. १, ग्रीक स्ट्रीट. या घरात मेट्रोपोलिटन बोर्ड ऑफ वर्क्सची कचेरी आहे आणि तिचा मुख्य अभियंता जोसेफ बझलगेट. लंडनच्या गटारांचा नकाशा याच्या कपाटात दोन वर्षं तयार आहे. नदीकडे धावणारी सगळी गटारं मध्येच अडवायची, नदीला समांतर मोठ्या विटांच्या नाल्यांत घ्यायची, उतारानं शहराच्या पार पूर्वेला न्यायची, जिथं उतार संपतो तिथं पंपानं उचलायची, आणि ओहोटीच्या वेळेलाच सोडायची. अशा मुख्य नाल्यांची लांबी १३२ किलोमीटर भरेल. अडलंय कुठं? सांडपाणी नेमकं कुठं सोडायचं यावर वरच्या साहेबाची हरकत, आणि खर्चाला मंजुरी नाही. “फाइल फिरतेय,” इंजिनिअरबाई म्हणते, आणि असं हसते की तिची वीस वर्षांची नोकरी त्या हसण्यात मावते.

मग डॉक्टरची. ब्रॉड स्ट्रीटवरचा हातपंप. १८५४ च्या सप्टेंबरात या पंपाच्या आसपासच्या गल्ल्यांत कॉलऱ्यानं सहाशेवर माणसं गेली. जॉन स्नो नावाचा डॉक्टर दारोदार फिरला, कोण कुठलं पाणी पितं ते विचारलं, मृत्यूंचा नकाशा काढला आणि पंपाचा दांडा काढायला लावला. कॉलरा पाण्यातून येतो, हवेतून नाही, हे त्याचं म्हणणं. लंडनच्या बहुतेक शहाण्या माणसांना ते अजून पटलेलं नाही. सगळी भिस्त दुर्गंधीवर: वास म्हणजेच रोग. पुढच्याच वर्षी स्नोनं पार्लमेंटच्या समितीपुढं सांगितलं की नुसत्या घाण वासानं साथ येत नाही, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं त्याला झोडपून काढलं.

“त्याला भेटता आलं असतं तर,” तुम्ही म्हणता.

“आठ दिवस उशीर झाला,” डॉक्टर म्हणतो. स्नो १० जूनला सॅकव्हिल स्ट्रीटवरच्या आपल्या घरी क्लोरोफॉर्मवरचं पुस्तक लिहीत असताना कोसळला आणि १६ तारखेला गेला. वय ४५. तोच बुधवार, सगळ्यात उष्ण. बाहेर सगळं शहर वासानं आता मरणार म्हणून घाबरलेलं, आणि वासानं मरत नाही म्हणणारा आत शेवटचे श्वास घेत होता. या उन्हाळ्यात कॉलरा आलाच नाही. पण ते कबूल करायला त्याच्याशी भांडणाऱ्यांना सवड नव्हती. याच कोपऱ्यावर पुढं त्याच्या नावाचा पब निघेल. स्नो दारूबंदीवाला होता, हे पबवाल्यांना बहुधा कुणी सांगितलं नाही.

“बरोबर कारण तुझ्या माणसाचं,” इंजिनिअरबाई चालता चालता म्हणते, “पण गटारं माझा माणूस बांधणार. तेही वास घालवायला म्हणून. चुकीच्या कारणासाठी बांधली तरी नाली उतारानंच वाहते.”

व्हाइटहॉल उतरता उतरता नदी पुन्हा भेटते. सात वाजत आलेत, ओहोटी लागलीय. वेस्टमिन्स्टरचा जुना पूल मोडकळीला आलाय, शेजारी नवा बांधणं चालू आहे. घड्याळाचा मनोरा उभा आहे पण त्यात घड्याळ नाही. नवी घंटा एप्रिलमध्ये ओतून झालीय, अजून वर चढवलेली नाही. पुलावरून पार्लमेंटची नदीकडची बाजू बघा. एवढ्या उकाड्यातही खिडक्यांवर जाड कापडं ताणलीयत, क्लोराइड ऑफ लाइमच्या पाण्यात भिजवलेली.

“टीसीएल!” इंजिनिअरबाई ओरडते. “ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती पावडर!”

खाली गटारांच्या तोंडाशी चुना ओतण्याचं काम चालू आहे, आठवड्याला दीड हजार पौंडांचा चुना. नदीला त्याचं काही नाही.

आत जायला सभासदाची चिठ्ठी लागते, ती तुमच्याकडे नाही. पण त्या भिजल्या पडद्यांमागं आत्ता काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे. हिंदुस्थानचं सरकार कंपनीकडून काढून राणीच्या नावानं चालवायचं, त्या विधेयकाचं आज दुसरं वाचन. लॉर्ड स्टॅनलीनं ते आणलंय. खासदार जॉन ब्राइट आज बोलणार आहे. एवढ्या जाती आणि एवढ्या भाषांच्या मुलखावर कलकत्त्याला बसून एकट्या गव्हर्नर जनरलनं राज्य करणं कुणालाही जमायचं नाही, त्यापेक्षा पाच स्वतंत्र इलाखे करा, त्यांतला एक मुंबईचा, असं तो मांडेल. त्याचं कुणी ऐकणार नाही. आपल्या मुलखाचं काय करायचं याची चर्चा नाकाला रुमाल लावून चाललीय, आणि सभासदांचं निम्मं लक्ष बाहेर पळण्याकडे आहे. पुढच्या बुधवारी, ३० तारखेला, खुद्द डिझरेली, हा देशाचा अर्थमंत्री, एका हातात कागद आणि दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल अशा अवस्थेत समितीच्या खोलीतून धावत सुटेल.

कठड्याशी दोन कारकून उभे आहेत, संध्याकाळचं वर्तमानपत्र दोघांत धरून. एकजण विचारतो, ती झाशीची राणी अजून सापडलीच नाही का? दुसरा खांदे उडवतो.

ग्वाल्हेरकर त्यांच्याकडे वळतो. त्याचं तोंड उघडलेलं तुम्हाला दिसतं. इंजिनिअरबाई त्याचा दंड धरते, घट्ट. तो काही बोलत नाही. कारकून पुढं जातात. थोड्या वेळानं तो म्हणतो, “महिनाभर ते तिला शोधत राहणार. राहू देत.”

मग हिशेब निघतो, कारण चार मराठी माणसं पुलावर उभी राहिली की कधीतरी हिशेब निघतोच. नदीची घाण सभागृहाच्या पडद्यापर्यंत आली म्हणून दोन वर्षं अडलेली फाइल आता सुटेल. जुलैच्या मध्याला डिझरेली विधेयक आणेल आणि बझलगेटला ३० लाख पौंड मिळतील. २ ऑगस्ट १८५८ ला त्यावर राणीची मोहोर उठेल, त्या वर्षीच्या कायद्यांत क्रमांक १०४. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, क्रमांक १०६: हिंदुस्थानच्या सरकारचा कायदा.

“मध्ये एकच कायदा,” डॉक्टर म्हणतो.

“पैसे कुणाचे ते बघ,” इंजिनिअरबाई म्हणते. गटारासाठी काढलेलं कर्ज लंडनकर स्वतःच्या घरपट्टीतून फेडतील. कंपनीची कर्जं आणि भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश मात्र १०६ क्रमांकानं हिंदुस्थानच्या महसुलावर टाकला, आणि तो लाभांश १८७४ पर्यंत जात राहिला. “त्यांच्या मोरीचे पैसे त्यांनी भरले. त्यांच्या दुकानाचे आपण.”

“आमच्याकडे...” ग्वाल्हेरकर सुरू करतो, आणि दिवसभरात पहिल्यांदाच सगळे हसता.

साडेआठ होत आलेत. लाइमहाउसला परत पोचायचं तर पुलाखालच्या धक्क्यावरून वाफेची बोट सुटते, भाडं काही पेन्यांचं. तुम्ही चौघं कठड्यावरून बोटीकडे बघता, मग बोटीखालच्या पाण्याकडे.

“सहा मैल फार नाहीत,” डॉक्टर म्हणतो.

“वाटेत तो जॅमरॅकचा वाघ बघू,” तुम्ही म्हणता, आणि पाय आधीच स्ट्रँडकडे वळलेले असतात.